दरवर्षी लोअर आर्मचा बुश फाटतोय? नवा बुश घेण्याआधी आर्म कुठल्या कोनात बसलाय ते बघा

आपल्याकडे कोकणात तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. खड्ड्यातून बाहेर पडताना पुढून ‘धप्प’, ब्रेक मारला की ‘ठक्क’, ऐंशीच्या पुढे गेलं की स्टीअरिंग भरवशाचं वाटत नाही आणि पुढचा डावा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं: “मेस्त्री, गेल्या चतुर्थीक बुश बदललंय, आता परत तोच आवाज येता.” त्याच्या आधीच्या चतुर्थीलाही बदललेला असतो. मग दोष रस्त्याला जातो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे शिव्या घालायला कुणाला लांब जावं लागत नाही.

पण एक गोष्ट जुळत नाही. गाडीबरोबर कंपनीतून आलेला पहिला बुश (आर्मच्या सांध्यातला रबरी तुकडा) याच रस्त्यावर आणि याच पावसात कित्येक वर्षं टिकलेला असतो. दुसरा मात्र वर्षभरात जातो, तिसरा त्याहून लवकर. रस्ता तोच, चालवणारा तोच. मधल्या काळात बदललेल्या गोष्टी बहुतेक वेळा दोनच निघतात. एक, नवा बुश बसवताना बोल्ट आवळला तेव्हा चाक हवेत लटकत होतं. दुसरी, गाडी खाली घासते म्हणून कुणीतरी स्पेसर (जाड चकत्या) टाकून ती उंच करून दिली. वरवर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही, पण दोन्हींत बिघडतो तो लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, बसता कोन. बाकीच्या तक्रारी त्याच्या मागून येतात.

गाडी कुठली आहे?

वॅगनार, स्विफ्ट, अर्टिगा, आय-ट्वेंटी, नेक्सॉन या सगळ्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. म्हणजे खाली एक आर्म आणि वर स्प्रिंगसकट शॉकअप (शॉक अब्सॉर्बर). अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना आखली. स्वस्त पडते, जागा कमी खाते, इंजिन आडवं बसवता येतं, म्हणून छोट्या गाड्यांनी ती उचलली. यात वरचा आर्म नसतो. त्यामुळे चाक वर-खाली होताना कुठल्या वाटेने जाईल, किती कलेल, हे ठरवायचं बरंचसं काम त्या एकट्या लोअर आर्मवर पडतं. इनोव्हा (हायक्रॉस सोडून) आणि स्कॉर्पिओला पुढे डबल विशबोन आहे, वर एक आणि खाली एक आर्म. त्यांचं कॅम्बरचं, म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय त्याचं, गणित वेगळं, पण बोल्ट आवळण्याबद्दल पुढे जे लिहिलंय ते त्यांनाही तसंच लागू. बोलेरोच्या मागच्या पाट्यांचा विषय इथे घेत नाही.

बुश म्हणजे बेअरिंग नव्हे

इथेच सगळं अडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. आर्मच्या बुशला बाहेरून लोखंडी कवच असतं, ते आर्ममध्ये प्रेसने बसवलेलं असतं. आत एक स्लीव्ह असते, तिच्यातून बोल्ट जाऊन क्रॉस मेंबरला (गाडीखालच्या आडव्या चौकटीला) आवळला जातो. या दोघांच्या मध्ये रबर, आणि ते दोन्हीकडे चिकटवलेलं. चाक वर-खाली होतं तेव्हा इथे काहीही घसरत किंवा फिरत नाही, रबर स्वतः पिळलं जातं आणि परत सुटतं. बोल्ट आवळला की आतली स्लीव्ह जागेवर घट्ट धरली जाते. ज्या क्षणी आवळला त्या क्षणी आर्म ज्या कोनात होता, तो त्या रबराचा शून्य झाला. पुढचं सगळं पिळणं तिथून मोजलं जातं.

आकडे घालून बघू. छोट्या गाडीत आतल्या बोल्टपासून बॉल जॉईंटपर्यंत (चाकाकडच्या टोकाच्या सांध्यापर्यंत) आर्म ३५० मिमी धरा. गाडी जॅकवर उचलली की चाक नेहमीच्या जागेपेक्षा सहज ८० मिमी खाली लटकतं, म्हणजे आर्म सुमारे १३ अंश खाली झुकतो. मेस्त्रीने तिथेच पान्याने बोल्ट कचकचून आवळला. आता गाडी खाली घेतली की आर्म परत जागेवर येतो आणि रबर १३ अंश पिळलं जातं. गाडी अंगणात बंद उभी असली तरी ते पिळलेल्या पंचासारखं ताणातच. त्यात रस्त्यावरच्या खड्ड्याने चाक ६० मिमी वर ढकललं तर आणखी १० अंश. एकूण २३ अंश, आणि तेही सगळे एकाच दिशेने. हाच बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळला असता तर रबराला वर १० आणि खाली १३ अंश मिळाले असते, आणि सरळ रस्त्यावर ते जवळजवळ निवांत राहिलं असतं.

याची खूण गाडी लगेच देते, फक्त आपण ती ‘नवा पार्ट आहे, बसेल’ म्हणून सोडून देतो. बुश बदलल्यावर गाडी पुढून किंचित उंच आणि कडक वाटते, कारण पिळलेलं रबर जास्तीच्या स्प्रिंगचं काम करतं, आर्मला खाली ढकलत राहतं. महिना-दोन महिन्यांत गाडी ‘मऊ झाली’ असं वाटतं. ती मऊ होणं म्हणजे रबर चिकटवलेल्या जागेवरून सुटायला लागलं. डावा बोल्ट लटकत आवळला आणि उजवा कसाबसा जागेवर आवळला, तर दोन बाजूंची उंचीही वेगळी पडते, आणि मग गाडी एका बाजूला खेचते म्हणून अलाइनमेंटचे पैसे जातात.

मग बोल्ट आवळायचा कसा

काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा आणि फेंडरवर मास्किंग टेप लावून त्यावरच लिहून ठेवा. दोन्ही बाजूंना. सपाट म्हणजे खरोखर सपाट. आपल्याकडे घरापुढे अशी जागा मिळणं कठीण, पेट्रोल पंपाचं काँक्रीट बरं. मोजण्याआधी गाडी चार पावलं पुढे-मागे ढकलून घ्या आणि बॉनेट दाबून सोडा, नाहीतर टायर जमिनीला धरून राहतात आणि माप खोटं येतं.

आर्म बसवताना सगळे बोल्ट हाताने, फार तर हलक्या पान्याने लावून ठेवायचे. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर आल्यावर. गॅरेजला पिट असेल किंवा अलाइनमेंटचा चार खांबांचा लिफ्ट असेल तर प्रश्नच मिटला, गाडी चाकांवर उभी राहून खालून हात पोचतो. फक्त जॅक असेल तर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉईंटजवळ, दुसरा जॅक लावून चाक हळूहळू वर घ्या. चाकाचा मध्य ते कमान हे अंतर टेपवर लिहिलेल्या मापाला आलं की थांबा आणि तिथे आवळा. गाडी स्टँडवर असलीच पाहिजे, नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. जांभ्याच्या किंवा मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि तिरका होतो, खाली जाड फळी घाला.

किती जोर लावायचा तो आकडा त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, टॉर्क रेंचने तोच घ्या. अंदाजाने घेतलेला बोल्ट कमी पडला तर स्लीव्ह क्रॉस मेंबरवर सरकते आणि बुश नवा असूनही ठक्क चालूच राहतं. सेल्फ-लॉकिंग नट निघाला तर तो परत लावू नका, नवा घ्या.

अख्खा आर्म न बदलता नुसता बुश प्रेस करून घेणार असाल तर एक गोष्ट लेथवाल्याच्या भरवशावर सोडू नका. मागच्या मोठ्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्या कुठल्या दिशेला येतात त्यावर ब्रेक मारताना चाक किती मागे सरकेल हे ठरतं. जुना बुश काढण्याआधी आर्मवर छिन्नीने खूण करा आणि नवा त्याच दिशेने बसवून घ्या. पोकळी चुकीच्या दिशेला गेली तर एकतर गाडी दगडासारखी चालते, किंवा बुश पहिल्याच पावसाळ्यात फाटतो.

पॉलियुरेथेनचे बुश टाकू का, असं बरेच जण विचारतात. त्यांच्यात स्लीव्ह ग्रीसवर फिरते, रबर पिळलं जात नाही, त्यामुळे लटकत आवळले तरी त्यांचं फार बिघडत नाही. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात ते ग्रीस धुऊन जातं आणि मग प्रत्येक गतिरोधकावर गाडी कुईकुई करते. शिवाय रस्त्याचा सगळा खडखडाट थेट आत येतो. घरच्या गाडीला रबरच बरं, असं माझं मत.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांना आणखी एक दुखणं आहे. हर्णै, गुहागर, मालवण भागात खाऱ्या हवेने बोल्ट आतल्या स्लीव्हमध्ये गंजून एकजीव होतो. पाना लावला की बोल्टबरोबर स्लीव्हही फिरते आणि तिथेच रबर फाटतं. मग गॅस कटर येतो, आणि शेजारचा चांगला बुशही उष्णतेने जातो. नवा बोल्ट बसवताना त्याच्या मधल्या भागाला ग्रीसचा पातळ हात द्या, चुड्या (आटे) आणि नट मात्र कोरडे ठेवा, नाहीतर टॉर्कचा आकडा फसवा ठरतो. आणि पुळणीवर गाडी घातलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. फोटो काढायला पाण्यात चाकं घालणाऱ्यांना मी काही सांगत नाही, सांगून उपयोग होत नाही.

गाडी उंच केली आहे का?

महामार्गाच्या अर्धवट कामात, आणि गावातल्या ‘पाखाडी म्हणावी की रस्ता’ अशा वाटेवर गाडी खाली घासते, हे खरं. म्हणून शॉकअपवर, स्प्रिंग आणि तिच्या वरच्या बैठकीच्या मध्ये, २५-३० मिमीचे स्पेसर टाकले जातात. त्यात वाईट काही नाही, असं मलाही वाटलं असतं, जर आर्म सरळ आडवा असता तर.

आर्मचं बाहेरचं टोक सरळ रेषेत जात नाही, कमानीत फिरतं. आर्म आडवा असताना टोक २५ मिमी खाली गेलं तर ते आत सरकतं जेमतेम १ मिमी. पण आर्म आधीच ८ अंश खाली झुकलेला असेल आणि त्याला आणखी २५ मिमी खाली नेलं, तर ते सुमारे साडेचार मिमी आत येतं. उंची तेवढीच वाढवली, पण परिणाम चौपटीच्या वर. बॉल जॉईंट आत आला म्हणजे चाकाचं बूड आत आलं, कॅम्बर बाहेरच्या बाजूला, म्हणजे पॉझिटिव्हकडे गेला, साधारण अर्ध्या अंशाच्या घरात. वळणावर बाहेरचा टायर आधीच त्या दिशेने कलायला बघतो. आता तो बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि पकड घटते. पावसात आंबोलीच्या वळणावर हे कळायला नको असतं.

दुसरी गोष्ट टायरॉडची, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याची. लोअर आर्म एका कमानीत फिरतो, टायरॉड दुसऱ्या. कंपनीच्या उंचीवर या दोन कमानी अशा जुळवलेल्या असतात की चाक वर-खाली झालं तरी टो (वरून बघताना चाक आत-बाहेर किती वळलंय ते) फारसा बदलत नाही. गाडी उंच केली की दोघंही आपापल्या कमानीच्या कडेला सरकतात, तिथे त्या जुळत नाहीत. परिणाम असा की उंचवट्यावर चाक वर गेलं की स्टीअरिंग न फिरवता चाक थोडं वळतं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर टो बिनचूक लावून दिला तरी हे जात नाही, कारण बिघाड उभ्या गाडीत नाही, चाकाच्या प्रवासात आहे. परशुराम घाटासारख्या ठिकाणी, वळणात मध्येच उंचवटा आला की स्टीअरिंग हातातून झटका मारतं ते यामुळे.

तिसरी, आणि आवाजाशी थेट संबंध असलेली: शॉकअपचा खाली सुटण्याचा प्रवास तेवढाच असतो. स्पेसरने त्यातले २५-३० मिमी आधीच खाऊन टाकले. म्हणून चाक खड्ड्यात पडलं की शॉकअप आतून शेवटाला जाऊन आपटतो. तीच ती ‘धप्प’. तिला बुशचा आवाज समजून कितीही बुश बदलले तरी ती जात नाही. एक्सलचा कोनही वाढतो, त्यामुळे एक्सल बूट (एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण) घडीवर घासून फाटतो, आत चिखल जातो आणि पूर्ण वळण घेताना कटकट सुरू होते.

आता बुश. स्पेसर टाकताना आर्मचा आतला बोल्ट कुणी सैल करत नाही. म्हणजे रबराचा शून्य जुन्या उंचीला राहिला आणि आर्म कायमचा ४ अंश खाली गेला. पिळ पुन्हा आलाच. स्पेसर ठेवायचेच असतील तर निदान आतले बोल्ट सैल करून नव्या उंचीवर, गाडी चाकांवर असताना, परत आवळून घ्या आणि त्यानंतर अलाइनमेंट करा. माझा सल्ला विचाराल तर स्पेसर काढा आणि कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या मापात जरा जाड भिंतीचा टायर बघा. त्याने आर्मचा कोन हलत नाही, गाडी मात्र काही मिलिमीटर उचलते.

आतून खाल्लेला टायर काय सांगतो

ट्रेडवरून हात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने बोटांना धार लागत असेल तर टो बिघडलाय. नुसती एक कड सपाट झिजली असेल, धार नसेल, तर कॅम्बरकडे बघा. उंच केलेल्या गाडीचा टायर आतून खात असेल तर मात्र कॅम्बरवर बोट ठेवू नका. वर सांगितल्याप्रमाणे तो तर बाहेरच्या दिशेला गेलेला असतो. तिथे टो-आउट (चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली) असणार, किंवा आर्मचा मागचा बुश फाटल्याने ब्रेक मारताना चाक मागे सरकून टो बाहेर जात असणार.

टोचा थोडासा फरकही किती खातो ते कळावं म्हणून: चाक जायच्या दिशेपेक्षा ०.२ अंश तिरकं असेल तर प्रत्येक किलोमीटरला ते साडेतीन मीटर आडवं घासतं. पनवेल ते सावंतवाडी हे अंतर त्याने गुणून बघा.

खेचण्याचं कारण शोधताना

टो बिघडल्याने गाडी एका बाजूला खेचत नाही. टायर खातो, स्टीअरिंगचा दांडा वाकडा दिसतो, पण खेचत नाही. खेचतं ते दोन बाजूंच्या कॅस्टर (बाजूने बघताना चाक वळण्याचा अक्ष मागे किती कललाय तो) किंवा कॅम्बरमधल्या फरकामुळे. ज्या बाजूचा कॅस्टर कमी तिकडे, किंवा ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह तिकडे. हे लक्षात न घेता तीन-तीनदा टो लावून घेतलेल्या गाड्या येतात.

पण त्याच्याही आधी साध्या गोष्टी. हवा मोजा. मग रस्ता: पाणी वाहून जावं म्हणून आपल्या रस्त्यांना मध्यापासून कडेला साधारण २ ते २.५ टक्के उतार असतो, त्यामुळे हात सोडला की गाडी हळूहळू डावीकडे जाणं हे दुखणं नाही. मग पुढचे दोन टायर आपसांत बदला. खेच उलट्या दिशेला गेली तर दोष टायरचा, आर्मला हात लावू नका. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही रिम हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघा. एकच तापली असेल तर खाऱ्या हवेने कॅलिपरची पिन जाम झाली आहे आणि ब्रेक धरून राहतोय.

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला, आणि पाय काढला की दुसऱ्या बाजूला जात असेल, तर एका बाजूचा आर्मचा मागचा बुश गेला असं समजून चाला. बघायची सोपी पद्धत: मोकळ्या जागी कुणाला तरी गाडी अगदी हळू पुढे, मग मागे घ्यायला सांगून ब्रेक मारायला लावा आणि तुम्ही बाजूला उभं राहून चाकाकडे बघा. फाटलेला बुश असेल तर चाक कमानीत पुढे-मागे सरकताना डोळ्याला दिसतं. रबरावर नुसत्या वरवरच्या भेगा असतील तर घाबरायचं कारण नाही, स्लीव्हपासून रबर सुटलंय का ते टॉमी (लोखंडी पहार) घालून बघा.

बॉल जॉईंट तपासतानाही गाडी कुठली ते आठवा. मॅकफर्सनमध्ये गाडीचा भार शॉकअपवर असतो, म्हणून चाक लटकत ठेवून आर्म आणि नकलमध्ये (चाक धरणाऱ्या भागामध्ये) टॉमी घालून खेळ बघायचा. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेल्या डबल विशबोनमध्ये तसं केलं तर स्प्रिंगच्या जोराने सैल जॉईंटही घट्ट लागतो. तिथे जॅक लोअर आर्मखाली लावून भार काढायचा आणि मग चाक हलवायचं.

मागचे बफर आणि हलकं झालेलं स्टीअरिंग

गणपतीत मुंबईहून सात माणसं आणि सामान, एप्रिल-मे मध्ये डिकीभर आंब्याच्या पेट्या. मागून गाडी बसते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यात रबरी बफर टाकतात. भार असेपर्यंत ते कामाचे आहेत. पण पेट्या उतरतात, चाकरमानी परत जातात, बफर मात्र आतच राहतात. रिकाम्या गाडीचा मागचा भाग ४० मिमी वर राहिला आणि व्हीलबेस २४५० मिमी असेल, तर अख्खी गाडी नाकावर जवळजवळ १ अंश कलते. तेवढाच कॅस्टर पुढे कमी झाला. स्टीअरिंग वळणातून आपोआप सरळ यायचं बळ कॅस्टरमुळे मिळतं. ते घटलं की स्टीअरिंग हलकं लागतं, गावात बरंच वाटतं, आणि महामार्गावर वेग धरला की गाडी सारखी सावरत न्यावी लागते. अशा गाडीच्या पुढच्या आर्ममध्ये दोष शोधत बसू नका. बफर काढा, दोन दिवस चालवा, मग बोला. बफरमध्ये अडकलेले वेढे हलत नाहीत, त्यामुळे त्यांचा ताण बाकीच्या वेढ्यांवर जाऊन स्प्रिंग तुटते, तो खर्च वेगळाच.

भरलेल्या गाडीचं उलट होतं: मागून बसली की कॅस्टर वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा भार घटतो. करूळ घाट चढताना पेट्या भरलेली गाडी आखूड वळणात बाहेर जायला बघते ती यामुळे. तिथे उपाय वेग कमी करणं, गॅरेज नाही.

स्प्रिंग कापलेल्या पोरांसाठी दोन ओळी

गाडी खाली केली की वळणात कमी कलेल, ही समजूत मॅकफर्सन गाडीत निम्मीच खरी. आर्मचं बाहेरचं टोक आतल्या बोल्टपेक्षा वर गेलं की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर खाली जातो, आणि तो गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, कलण्याचा जोर वाढतो. शिवाय आर्म आणखी वर, शॉकअपशी काटकोन ओलांडून गेला, की चाक दबताना कॅम्बर सुधारायच्या ऐवजी बिघडायला लागतो. कापलेली स्प्रिंग कडक असते म्हणून हे काही काळ झाकलं जातं, इतकंच. कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही, जोडीने नवी घ्या.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

आर्म, बुश, बॉल जॉईंट, स्प्रिंग, माउंटिंग यातलं काही बदलायचं असेल तर ते आधी, बोल्ट चाकांवर आवळून, थोडी गाडी चालवून, आणि मग अलाइनमेंट. मशीनवर गाडी चढवण्याआधी आर्मच्या आतल्या बोल्टच्या मध्याची जमिनीपासूनची उंची आणि बॉल जॉईंटची उंची दोन्ही बाजूंना मोजायला सांगा, किंवा स्वतः मोजा. डाव्या-उजव्या फरकांत ५ मिमीपेक्षा जास्त तफावत असेल तर आधी बसलेली स्प्रिंग किंवा पिळलेला बुश शोधा, तोवर टो लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

प्रिंट मागून घ्या, आधीची आणि नंतरची दोन्ही. बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त टो लावता येतो. कॅम्बर हवा तर शॉकअप आणि नकलच्या बोल्टमधल्या मोकळीकीत किंवा कॅम्बर बोल्ट घालून, कॅस्टर तर लावताच येत नाही. म्हणून प्रिंटवर कॅस्टर एका बाजूला अर्ध्या अंशापेक्षा जास्त कमी दिसला तर तो ‘लावायचा’ प्रश्न नाही, काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. अशा वेळी स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. खड्ड्याचा मार बसलेल्या बाजूचं अंतर सेंटीमीटरभर कमी भरलं तर आर्म वाकला आहे. दोन्ही आर्म सरळ निघाले तर क्रॉस मेंबर बघा. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी तो कधी खाली उतरवला असेल तर बोल्टच्या भोकांत काही मिलिमीटर मोकळीक असते आणि परत लावताना तो एका बाजूला सरकून बसतो. तेव्हा एका चाकाचा कॅम्बर वाढतो आणि दुसऱ्याचा तितकाच कमी होतो. बोल्ट सैल करून क्रॉस मेंबर मध्यावर आणला की दोन्ही बाजूंचे आकडे परत जवळ येतात. नवा आर्म विकत घेण्याआधी हे एकदा करून बघा.